आमचा शिवणक्लास आणि कौसामावशीचा झगा

शिवणक्लासमध्ये दोन गोष्टी आपोआप साठतात. चिंध्या आणि किस्से! चिंध्यांचं काय करायचं ते आम्हाला पक्कं ठाऊक आहे. कटिंगच्या टेबलाखालचं पोतं भरलं की त्याच्या गोधड्या होतात. किश्श्यांचं पोतं मात्र उसवलेलंच. घरी जाऊन एक सांगायला बसावं तर त्याच्या मागोमाग दुसरा येतो, तिसरा येतो, आणि गॅसवरचं दूध उतू जातं. माझं तर हमखास जातं. नवरा विचारतो, "सुषमा, तू तिथं शिवायला जातेस की हसायला?"

मी म्हणते, "दोन्हीला. तुझं काही अडलंय?"

आमचा क्लास लोणावळ्यात, वलवणकडे जाणाऱ्या रस्त्याला, चिक्कीच्या एका दुकानाच्या मागच्या खोलीत. पुढं दिवसभर गूळ उकळतो, मागं आमच्या मशिनी चालतात. त्यामुळे आमच्याकडे शिवलेल्या कुठल्याही कपड्याला पहिल्या धुण्यापर्यंत चिक्कीचा वास येतो! क्लास चालवतात नलिनी मॅडम. त्यांनी आयुष्यभर शाळांचे युनिफॉर्म शिवले, त्यामुळे बोलतातही हेडमास्तरणीसारख्या. त्यांचा नियम एकच, पण कडक. आपण शिवलेला पहिला कपडा अंगावर घालून घरी जायचं. पिशवीत कोंबायचा नाही, ओढणीखाली लपवायचा नाही. जसा झाला असेल तसा, भर बाजारातून!

"चूक पिशवीतून नेली की पुन्हा होते," मॅडम म्हणतात. "अंगावर घालून नेली की जन्मात होत नाही."

*

माझा पहिला कपडा गाऊन होता. मी मोठ्या उत्साहात पुढचा गळा मागं आणि मागचा पुढं जोडला. पुढून गळफास, मागून खिडकी! मॅडमकडे बघितलं, त्यांनी बोटानं दार दाखवलं. निघाले. बाजारात नेहमीच्या भाजीवाल्यानं मेथीची जुडी हातात धरून मला खालून वर न्याहाळलं.

"वहिनी, गाऊन उलटा घातलाय काय?"

असा राग आला म्हणून सांगू! भर बाजारात ओरडले, "उलटा घातला नाही, उलटा शिवलाय! स्वतः शिवलाय!"

त्यानं घाबरून मेथीवर कोथिंबीर फुकट दिली.

*

कौसामावशी आली ती दिवाळीनंतर. लोहगडवाडीची. गडावर जाणाऱ्या वाटेवर तिची टपरी आहे. कांदाभजी, चहा, सरबत, सांगितलं तर पिठलं-भाकरी. साठीला टेकलेली, काटक, आणि आवाज असा की गडावरून हाक मारली तर खाली वाडीत कळावं. आली ती सरळ मशिनीसमोर बसली.

मॅडमनी विचारलं, "काय शिकायचंय मावशी? ब्लाऊज?"

"झगा."

"नातीसाठी का?"

"नात न्हाई मला आजून. मलाच शिवायचाय."

"म्हणजे गाऊन."

"गाऊन न्हवं वो बाई! गाऊन काय, वर टावेल टाकून घालायचं पोतं! झगा! कमरंत बसनारा, खाली घेर असनारा. घालून भाईर हिंडायचा झगा."

क्लासमधल्या सगळ्या मशिनी थांबल्या. आमच्याकडे गाऊन घालून दुकानात गेलं तर चालतं, खांद्यावर टॉवेल किंवा ओढणी टाकली की बाई सभ्य! त्या टॉवेलनं नक्की काय झाकलं जातं हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. पण झगा? साठीला? वाडीत?

मावशीनं पिशवीतून एक पिवळं पडलेलं पाकीट काढलं. वर तीन गोऱ्या बायकांचं चित्र, तिघींचे कमरेवर हात. आत झग्याच्या भागांचे कागद, कांद्याच्या सालासारखे पातळ, त्यांवर बाण, टिंबं, त्रिकोण आणि इंग्रजी. कुठल्या परदेशातलं कोण जाणे, पण आम्हा सगळ्यांपेक्षा जुनं!

मावशीची आई लोणावळ्यात एका बंगल्यावर कामाला होती. बंगल्यातल्या बाईंनी याच कागदांवरून स्वतःला पिवळा झगा शिवलेला. दहा-बारा वर्षांची कौसा आईबरोबर जायची आणि दाराआडून तो झगा बघत राहायची. घरी येऊन म्हणाली, मलाबी तसाच पायजे. चुलता म्हणाला, "आपल्यात घालत न्हाईत." झालं! पुढं बंगला विकला गेला, बाईंनी जाताना शिवणाचा डबा आईला दिला, डब्यात हे पाकीट निघालं. तोवर कौसाला लुगडं नेसवलं होतं. पाकीट ट्रंकेत गेलं ते गेलंच.

"सातवीच्या फुडं शिकते म्हनलं, तर आपल्यात शिकत न्हाईत," मावशी म्हणाली. "सायकल शिकते म्हनलं, आपल्यात चालवत न्हाईत. मालक गेल्यावर टपरी टाकते म्हनलं, तवाबी तेच. टपरी टाकली मी. आता झगा तेवडा ऱ्हायलाय."

मॅडमनी टेप काढला.

*

माप घेतलं आणि मॅडमचा चेहरा पडला. एकदा पाकिटावरचा आकडा बघतात, एकदा मावशीला बघतात.

"मावशी, हा झगा बारीक बाईचा आहे हो. डोक्यातून घालाल आणि निम्म्यात अडकाल."

"मंग कागद वाडवा," मावशी म्हणाली. "मी काय कमी हुनार न्हाई!"

इंग्रजी वाचायचं काम माझ्याकडे आलं, कारण बारावी पास मी एकटीच. अर्धं कळलं, अर्धं मी ठोकून दिलं. पुढचा भाग, पाठ आणि घेर आम्ही वर्तमानपत्रावर उतरवून, मध्ये पट्ट्या जोडून वाढवले. बाह्यांचं नंतर बघू म्हणून बाहीचा कागद तेवढा पाकिटातच राहिला. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

*

कापड घ्यायला मी बरोबर गेले. दुकानदारानं मावशीकडे एक नजर टाकली आणि राखाडी, चॉकलेटी, मेलेला हिरवा असे तागे काढून ठेवले.

"मावशी, तुमच्या वयाला हे शोभून दिसेल."

मावशीनं त्यांना हातसुद्धा लावला नाही. वरच्या फळीवरचा, हळदीसारखा पिवळा, त्यावर तळहाताएवढी लाल फुलं असलेला तागा तिनं दाखवला. दुकानदार हसला. "अहो, ते पडद्याचं कापड आहे!"

"मंग पक्कं असंल," मावशी म्हणाली. "फाडा."

*

आता तुकाआबांची ओळख करून देते. हे मावशीचे थोरले दीर. मालक गेल्यापासून घरात शब्द चालतो तो त्यांचा. मावशीची टपरीसुद्धा त्यांच्याच दारात, त्यांच्या जांभळीच्या सावलीला. वाटेवरची सगळ्यात चांगली जागा. गडावरून तापून उतरलेली माणसं सावली दिसली की बसतात, आणि बसली की भजी मागतात. रोज दुपारी आबांना गरम भज्यांची एक पुडी पोचते, हे त्या जागेचं मानपान.

झग्याची बातमी वाडीत पोचायला किती वेळ लागणार! आबांनी टपरीसमोर उभं राहून चार माणसांत सांगितलं, "कौसा, झगा घालून वाडीत आलीस, तर माज्या दारात टपरी दिसायची न्हाई."

हे मावशीनं आम्हाला सुईत दोरा ओवता ओवता सांगितलं. मावशीचा मुलगा तळेगावला कंपनीत आहे, तो कंत्राटी. घर चालतं ते टपरीवर. मी विचारलं, "मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हननार? म्हनलं, भजी घ्या आबा, गार व्हत्यात."

*

चांगलं कापड फाडायच्या आधी मॅडम कच्चा कपडा शिवून बघायला लावतात. मावशीचा कच्चा झगा मॅडमच्या जुन्या पातळाचा शिवला. घातला. मॅडम म्हणाल्या, "हात वर करा. वळा. वाका. छान! बसलाय अगदी."

"थांबा," मावशी म्हणाली, "खाली बसून बगते." आणि स्टोव्हसमोर बसावं तशी उकिडवी बसली.

टर्रर्र!

पाठीपासून खालपर्यंत शिवण गेली. आम्ही हसून हसून मशिनीवर पडलो. मावशी मात्र तशीच बसलेली, हातात पाकीट, त्या तीन गोऱ्या बायकांकडे रागानं बघत.

"ह्या बायांनी जल्मात भजी तळलेली दिसत न्हाईत!"

मग मॅडमनी घेरात दोन कळ्या, म्हणजे तिकोनी पट्ट्या, वाढवल्या. आता तो झगा घालून मावशी उकिडवी बसू शकते, मांडी घालू शकते, आणि वेळ पडली तर गडसुद्धा चढू शकते.

*

खिशावरून भांडण झालं ते वेगळंच. मॅडम म्हणाल्या, मूळ झग्याला खिसा नाही, खिशानं घेराची पडण बिघडते. मावशी म्हणाली, खिसा पायजेच.

"पण ठेवणार काय त्यात?"

"हात."

"हात?"

"व्हय, हात! बापय न्हाई का, दिसभर चौकात खिशात हात घालून हुबं ऱ्हात्यात? मला कवा तसं हुबं ऱ्हाता आलं न्हाई. एकदा ऱ्हाऊन बगायचंय."

मॅडमनी लगेच खडू उचलला. दोन्ही बाजूंना चांगले खोल खिसे लावले, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या पंजाबी ड्रेसला खिसा लावून आल्या!

*

आणि मग बाहीचं ते प्रकरण झालं.

मावशी रोज पाकीट घरी न्यायची. का, तर रात्री झोपताना बघायला. एका रविवारी तिनं ते टपरीच्या फळीवर ठेवलं आणि पाण्याला गेली. त्या दिवशी गडावर ही गर्दी! पुड्या बांधायची वर्तमानपत्रं संपली. भजी काढत होती मावशीची सून, अश्विनी. आबांच्या पुडीची वेळ झालेली. फळीवरच्या पाकिटातून डोकावणारा पातळ कागद दिसला, तेल टिपायला झकास. घातली त्यात भजी आणि दिली पाठवून.

तो बाहीचा कागद होता!

अश्विनीच्या लक्षात आलं तेव्हा ती धावत आबांच्या ओट्यावर गेली. आबांची भजी खाऊन झालेली. तेलकट कागदाचा बोळा त्यांनी जांभळीला बांधलेल्या शेळीपुढं टाकलेला. शेळीच्या तोंडातून कागदाचं एक टोक बाहेर दिसत होतं, तेही अश्विनीच्या डोळ्यांदेखत आत गेलं.

दुसऱ्या दिवशी बिचारी सासूबरोबर क्लासला आली ती रडत रडत. "आत्या, मला म्हाईतच न्हवतं ओ!" आबांना तर अजून पत्ताच नव्हता की त्यांनी भजी कशात खाल्ली आणि शेळीनं काय खाल्लं. मॅडम समजूत घालत म्हणाल्या, "रडू नकोस गं. युनिफॉर्मची बाही काढू आपण. कोपरापर्यंत, फुग्याची. त्यात काय एवढं!"

मावशीनं पदर बाजूला केला आणि स्वतःच्या हातांकडे बघितलं. उन्हानं रापलेले, मनगटापासून वरपर्यंत तेलाच्या चटक्यांचे डाग.

"ह्या हातांनी सरपान आनलं," ती म्हणाली, "हापश्यावरनं हंडं आनलं. मालकांना शेवटी उचलून बसवत हुते ते ह्याच हातांनी. तवा कुनी म्हनलं न्हाई, कौसा, हात झाक. मंग आताच का झाकू? ऱ्हाऊ द्या बाही. मला नगंच."

खोटं कशाला सांगू, मला रडायला आलं. बिनबाह्यांचं मी कधी घातलं नाही. लग्नाआधी आईनं घालू दिलं नाही, लग्नानंतर मीच घातलं नाही, आणि का घातलं नाही ते मला त्या क्षणी आठवेना. नलिनी मॅडमनी जोरात नाक ओढलं आणि खेकसल्या, "बघत काय बसलात? बाहीऐवजी मुंढ्याला तिरकी उरेब पट्टी लावायचीय! कापा!"

*

झगा पुरा झाला तेव्हा होळी होऊन गेली होती. दुपारच्या उन्हात खोली पिवळी झाली, इतकं ते कापड पिवळं! मॅडमनी स्वतः शेवटची इस्त्री केली आणि मग जे बोलल्या ते त्या खोलीत कुणी कधी ऐकलेलं नव्हतं.

"मावशी, तुमच्यासाठी नियम सोडते. पिशवीतून न्या. तुमच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे."

"सुषमाला सोडला व्हता?" मावशीनं माझ्याकडं बोट केलं.

"नाही."

"तिचा तर गळा मागं गेल्ता! माजा झगा सरळ हाय. मी का म्हनून पिशवीत नेऊ?"

आत गेली, घालून आली. कमरेत बसलेला, खाली घेर, मोठमोठी लाल फुलं, आणि उघडे हात. आम्ही सगळ्या उठून उभ्या राहिलो. कुणी सांगितलं नव्हतं, आपोआपच उठलो. मग मॅडमनी भर दुपारी क्लासचं शटर खाली ओढलं आणि म्हणाल्या, "चला, सगळ्याच जाऊ."

निघालो वरात घेऊन! लोकलनं मळवली स्टेशनावर उतरलो, तर पाठीला सॅक लावलेला एक जण चोरून फोटो काढत होता. मी त्याच्या अंगावर जाणार, तेवढ्यात मावशीनंच त्याला हाक मारली, "चोरून कशाला काडतो रं? फुडं ये. आन घेर सगळा आला पायजे!"

टमटममध्ये मावशी घेर सावरून बसली. भाजे गावापासून चढ लागला तशी मला टपरीची काळजी लागली. झगा तर झाला, पण उद्या ही बाई भजी कुठं तळणार? घर कसं चालवणार? मला त्या आबांचा असा संताप आला होता की गाठ पडली की काय काय बोलायचं ते मी मनात पाठ करत होते.

वाडीत उतरलो. जांभळीखाली बघितलं. जागा रिकामी! टपरी नाही, बाकडी नाहीत, निळी ताडपत्री नाही. नुसती शेळी बांधलेली.

"मावशी! टपरी हलवली हो त्यांनी!"

"त्यांनी न्हाई, मी हलवली," मावशी म्हणाली. "सकाळीच. आश्विनी आन मी, दोगींनी. ती बग."

रस्त्यापलीकडे हापश्याजवळ, भर उन्हात, चार बांबूंवर निळी ताडपत्री ताणलेली. स्टोव्ह पेटलेला, अश्विनी भजी काढतेय. सावलीचा पत्ता नाही. गिऱ्हाईक पहिल्यासारखं बसेल का नाही, देवाला ठाऊक.

"अहो पण ते ऊन!"

"आसू दे. त्यांनी हलवायच्या आदी मीच हलवली. आता त्यांनी काय हलवायचं ते हलवावं!"

आबा ओट्यावर बसलेले होते. उठले. घराघरांतून माणसं दारात आली. टपरीवर बसलेली पोरं चहा हातात धरून वळली. अश्विनीनं स्टोव्ह बारीक केला. आबा खाली उतरले, मावशीसमोर येऊन उभे राहिले, आणि तिला डोक्यापासून पायापर्यंत बघून घेतलं. धमकी तर सकाळीच संपलेली! बिचाऱ्यांकडे जुनंच वाक्य तेवढं उरलेलं.

"कौसा," ते म्हणाले, "आपल्यात असलं घालत न्हाईत."

मावशीनं दोन्ही हात खिशात घातले. पाय रोवून उभी राहिली.

"आता घालत्यात."

कुणीतरी पदर तोंडाला लावून खुसखुसलं. आबांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. त्यांच्या बाजूनं कुणीच बोलेना. त्यांची स्वतःची बायको दाराच्या चौकटीला टेकून झग्याचा घेर बघत होती, मन लावून. आबांचा आवाज उतरला, पण माघार कशी घ्यायची!

"आगं, पर हात तरी झाकायचं! झग्याला बाह्या नगं व्हय? बाह्या कुटं हायत ह्याच्या?"

मावशीनं एक हात खिशातून बाहेर काढला आणि जांभळीला बांधलेल्या शेळीकडं केला.

"तुमीच चारल्यात की तिला, आबा. भजी खाऊन झाल्यावर."